वाचकांचे प्रश्न : मृणाल गोरे आणि विधानसभेतली आयुधं

प्रश्न : मृणाल गोरे म्हणजे ‘पाणीवाली बाई’, एवढंच आमच्या पिढीला ठाऊक. आमदार म्हणून त्यांचं काम काय? (सातारा)

पाण्याचा लढा त्या आमदार होण्याच्या बराच आधीचा. जन्म २४ जून १९२८चा. डॉक्टरकीचं शिक्षण सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी पक्षाच्या कामात आल्या. गोरेगाव मुंबई महापालिकेत नव्हतं तेव्हा ग्रामपंचायतीवर, १९६१मध्ये महापालिकेवर, १९७२मध्ये विधानसभेवर, आणीबाणीतल्या तुरुंगवासानंतर १९७७मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर आणि १९८५मध्ये पुन्हा विधानसभेवर, असा हा प्रवास. पती केशव गोरे १९५८मध्येच गेले होते.

१९७२मध्ये कम्युनिस्ट नेत्या अहिल्या रांगणेकर आणि इतर मैत्रिणींबरोबर महागाईविरोधी महिला समिती उभी राहिली आणि मुंबईत लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या. ताईंचं खरं बळ आमच्या मते इथे आहे: मोर्चात आलेली तक्रार त्यांच्याकडून सभागृहात पोचायची आणि सभागृहातलं उत्तर पुन्हा वस्तीत. यातलं एकच करणारे आमदार पुष्कळ असतात.

प्रश्न : गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा त्यांच्या खासगी विधेयकामुळे झाला, असं वाचलं. पण अशी विधेयकं मंजूरच होत नाहीत ना? (नांदेड)

बहुतेक होत नाहीत, आणि ताईंचंही त्या रूपात झालं नाही. तरी कायदा झाला.

मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं ते खासगी, म्हणजेच अशासकीय विधेयक. मसुद्याबरोबर ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ जोडावं लागतं. राज्याच्या तिजोरीतून खर्च होणार असेल तर वित्तीय ज्ञापन, म्हणजे त्या खर्चाचं टिपण, लागतं आणि राज्यपालांच्या शिफारशीशिवाय विधेयक पुढे सरकत नाही. बरेच मसुदे इथेच अडकतात. जे सुटतात त्यांच्या वाट्याला शुक्रवारचा थोडा वेळ येतो, तोही चिठ्ठीत क्रम लागला तर. मग मंत्री आश्वासन देतात, सदस्य विधेयक मागे घेतो. नाहीतर विधानसभा विसर्जित होते आणि तिथे पडून असलेलं विधेयक आपोआप व्यपगत, म्हणजे रद्द होतं.

ताईंनी १९८६मध्ये विधेयक मांडलं तेव्हा गर्भजलपरीक्षेच्या नावाखाली मुलगी आहे का हे पाहून गर्भपात करणारे दवाखाने उघड जाहिराती करत होते. स्त्री संघटना, डॉक्टर, कार्यकर्ते यांची मोहीम बाहेर चालूच होती. त्यामुळे सरकारला नुसत्या आश्वासनावर वेळ मारून नेता आली नाही. १९८८मध्ये सरकारने स्वतःचा कायदा आणला आणि असा कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य ठरलं. उणीव मोठी होती: कायदा राज्यापुरता, त्यामुळे हद्द ओलांडून चाचणी करून घेण्याची वाट उघडी राहिली. केंद्राचा कायदा १९९४चा, अंमल १ जानेवारी १९९६पासून. गर्भधारणेआधीच लिंग निवडण्याची तंत्रं त्याच्या कक्षेत यायला २००३ उजाडलं.

प्रश्न : आमच्या वस्तीत नळाला पाणी येत नाही. आमदार म्हणतात, ‘प्रश्न लिहून द्या, मी विचारतो.’ कसा लिहायचा? (कल्याण)

तारांकित प्रश्न मागा. त्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळतं. साचा ठरलेला असतो: (१) अमुक वस्तीत अमुक महिन्यापासून पाणी येत नाही, हे खरे आहे काय? (२) असल्यास, शासनाने चौकशी केली काय? (३) त्यात काय आढळून आले व कोणती कार्यवाही केली? (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय?

सगळा जीव पहिल्या भागात. तिथे ‘पाणीटंचाईने नागरिक हैराण, प्रशासन झोपेत’ असं लिहिलंत तर उत्तर येतं ‘हे खरे नाही’, आणि उरलेल्या तिन्ही भागांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’. म्हणून पहिल्या भागात नाकारता येणार नाही अशीच गोष्ट घाला: गल्लीचं नाव, जलवाहिनी कुठपर्यंत आली आहे, अर्ज कोणत्या तारखेला दिला, त्याचा आवक क्रमांक काय. पोच घेतलेल्या अर्जाची प्रत आमदारांच्या हाती असू द्या, उपप्रश्नाला तीच कामी येते. विशेषणं काढून टाका. अनेक वस्त्यांचे प्रश्न एकात कोंबू नका, उत्तर मोघम मिळतं. आणि अधिवेशन सुरू झाल्यावर धावू नका. सूचना कित्येक आठवडे आधी द्यावी लागते. उशीर झालाच असेल तर लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, हा मार्ग आहे.

मंत्र्यांनी ‘करू’ म्हटलं तर ते वाक्य कार्यवृत्तातून (सभागृहातल्या कामकाजाच्या छापील नोंदीतून) तारखेसह उतरवून घ्या. सभागृहातली आश्वासनं पाळली गेली का हे तपासायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. तिच्याकडे जाताना हाच उतारा लागतो.

प्रश्न : राज्यातल्या पहिल्या महिला विरोधी पक्षनेत्या मृणालताईच ना? (पणजी)

नाही. त्या १९८८-८९मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. त्यांच्या आधी, १९७९मध्ये, प्रतिभा पाटील यांनी ते पद सांभाळलं होतं.