मागच्या तारखेची सही आणि हरवलेली प्रत

प्रश्न : आमची कंपनी छोटी आहे. एका सरकारी संरक्षण कारखान्याला लागणारे सुटे भाग आम्ही बनवून देतो. त्यांची ड्रॉइंग्ज आमच्या गाळ्यातल्या एका खोलीत, कपाटात असतात. कपाटाची चावी आणि रजिस्टर माझ्याकडे. गाळा भाड्याचा आहे आणि त्या खोलीची एक चावी जागामालकाकडेही असते. मी रजेवर असताना स्लॅबची गळती काढायला माणसे आली, खोली दिवसभर उघडी होती. परत आल्यावर मोजणी केली तर एका ड्रॉइंगची एक प्रत कमी भरली. आता ग्राहकाकडून तपासणी येणार आहे. शेठ म्हणतात, ‘प्रत जुनी होती, नष्ट केली अशी मागच्या तारखेची नोंद घाल, सही कर, विषय संपला.’ उद्या सगळे माझ्यावर येऊ नये म्हणून मी रजिस्टरचे आणि कपाटातल्या काही ड्रॉइंग्जचे फोटो मोबाइलवर काढून ठेवले आहेत. ड्रॉइंगवर ‘गुप्त’ असा शिक्काही नाही, फक्त ‘प्रतिबंधित’ लिहिले आहे. मी यात अडकेन का? राजीनामा देऊन मोकळा होऊ का?

उत्तर : सही करू नका. बाकी सगळे सविस्तर सांगतो, पण तपासणी तोंडावर आहे म्हणून हे आधी. आणि फोनमधले ड्रॉइंगचे फोटो कुणालाही पाठवू नका. वकिलाला नाही, घरच्यांना नाही, मलाही नाही.

आज तुम्हाला प्रत हरवल्याची भीती वाटते आहे. माझ्या मते त्याहून मोठे दोन धोके तुमच्या हातात आहेत. एक, शेठना हवी असलेली ती नोंद. दुसरा, स्वतःच्या बचावासाठी काढलेले ते फोटो.

कायद्यापासून सुरुवात करू. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ हेरगिरीसाठी आहे, आपला काय संबंध, असे बहुतेकांना वाटते. हेरगिरी कलम ३ मध्ये येते. तिथे राज्याच्या सुरक्षिततेला बाधक असा हेतू लागतो आणि संरक्षणविषयक बाबतीत शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाते. तुमच्या पत्रात तसे काही नाही. तुम्हाला लागू होऊ शकते ते कलम ५. सरकारचे कंत्राट घेणारा आणि त्या कंत्राटदाराकडे नोकरीला असलेला किंवा पूर्वी असलेला माणूस, दोघेही त्यात स्पष्टपणे येतात. त्यातल्या पोटकलम (१)च्या खंड (घ)प्रमाणे आपल्या ताब्यातल्या आराखड्याची किंवा कागदाची ‘वाजवी काळजी’ न घेणे हाही गुन्हा आहे. त्यासाठी शत्रूला मदत करण्याचा हेतू लागत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

आता तुमचा गाळा. बाहेर पाटी नाही, पहारा नाही, शेजारच्या गाळ्यात दुसराच कुणाचा धंदा चालतो. तरीही कलम २(८)मधली ‘निषिद्ध ठिकाणा’ची व्याख्या वाचा. सरकारच्या मालकीची नसलेली जागासुद्धा, जर तिथे सरकारशी किंवा सरकारच्या वतीने झालेल्या करारानुसार युद्धसामग्री किंवा तिच्याशी संबंधित आराखडे, नमुने, कागदपत्रे बनवली किंवा साठवली जात असतील, तर ती निषिद्ध ठिकाण ठरते. युद्धसामग्रीच्या व्याख्येत जहाज, विमान, रणगाडा यांचा ‘कोणताही भाग’ येतो, म्हणजे सुटा भागही आलाच. अशा जागेसाठी वेगळी अधिसूचना लागत नाही, तिचा वापरच तिला तो दर्जा देतो. याच्या उलट, पोलीस ठाणे या व्याख्येत बसत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितले, कारण व्याख्येत त्याचा उल्लेख नाही. पोलीस ठाणे बाहेर आणि भाड्याचा गाळा आत, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण कायद्याचे शब्द तसे आहेत.

इथे एक मुद्दा वादाचा आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळ जाऊन ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. तुमचा ग्राहक त्यांपैकी असेल, तर अशा कंपनीशी झालेला करार ‘सरकारच्या वतीने’ झालेला आहे का, हा प्रश्न उद्या बचावाचा वकील उपस्थित करू शकेल. तो कोर्टातला मुद्दा आहे. आज कसे वागायचे ते त्यावर ठरवू नका.

शिक्क्याचेही तसेच. परमगुप्त, गुप्त, गोपनीय आणि प्रतिबंधित अशा चार पायऱ्या आपल्याकडे आहेत, पण त्या प्रशासनाच्या सूचनांतून आल्या आहेत. १९२३च्या कायद्यात त्यांची व्याख्या नाही. गुजरातमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम ३चा अर्थ लावताना म्हटले की ‘गुप्त’ हे विशेषण सांकेतिक शब्द किंवा पासवर्डपुरते आहे. आराखडा गुप्तच असला पाहिजे अशी अट त्या कलमात नाही. कलम ५ची शब्दरचना जवळपास तशीच आहे. तेव्हा ‘खालच्या पायरीचा शिक्का होता’ ही सबब मनातून काढून टाका.

आता ‘वाजवी काळजी’ म्हणजे काय, हा खरा प्रश्न. कायद्यात त्याची यादी नाही. संरक्षण उत्पादनाचा परवाना असलेल्या उद्योगांसाठी संरक्षण उत्पादन विभागाने २०१४ मध्ये सुरक्षा नियमपुस्तिका काढली. त्यात उत्पादनांचे अ, ब, क असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे बंदोबस्त कमी-जास्त होतो. तुमच्यासारख्या पुरवठादाराला बहुधा थेट पुस्तिकेपेक्षा खरेदी आदेशासोबत जोडलेल्या सुरक्षा अटीच बांधतात. ते जोडपत्र शोधून काढा. शेठच्या फायलीत असेल, नसेल तर ग्राहकाकडून लेखी मागा. तपासणी अधिकारी तेच हातात धरून येतात.

आणि ते काय बघतात? सगळ्यांना कुलूप दिसते, अधिकारी आधी भिंत बघतो. अशा गाळ्यांत ऑफिसची खोली बहुतेक वेळा पार्टिशनची असते. पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंत येऊन थांबते आणि वर स्लॅबपर्यंत हातभर मोकळी जागा राहते. शेजारच्या खोलीत स्टुलावर चढून सीलिंगची एक टाइल सरकवली की माणूस आत उतरू शकतो. मग दाराला किती चांगले कुलूप आहे याला अर्थ उरत नाही. दाराचे बिजागर बाहेरून असेल तर पिन काढून अख्खे दार उचलता येते. खिडकीच्या एसीसाठी पाडलेले भोक, जाळी नसलेला व्हेंटिलेटर, गळतीमुळे फुगून चौकटीत नीट न बसणारे दार, हे सगळे त्याच यादीतले. ग्राहकाचा माणूस येण्याआधी टॉर्च घेऊन तुम्ही स्वतः एकदा सीलिंगच्या वर डोकावून बघा. कायद्याच्या प्रश्नाला सुतारकामाचे उत्तर देतो आहे असे वाटेल, पण वाजवी काळजी कोर्टात अशाच गोष्टींवरून मोजली जाते.

त्यानंतर चाव्या. जागामालकाकडे चावी असणे हा तुमच्या सगळ्या प्रकरणाचा कच्चा दुवा आहे. लीव्ह अँड लायसन्सच्या छापील मसुद्यात ‘मालकाला पूर्वसूचना देऊन जागेची पाहणी करता येईल’ असे कलम सहसा असते. ते काढून टाकायची गरज नाही. पुरवणी करार करून एवढी एक खोली त्यातून वगळा, त्या खोलीत प्रवेश फक्त कंपनीचा माणूस सोबत असतानाच होईल असे लिहा, चावी परत घ्या आणि कुलूप बदला. जुनी चावी परत मिळाली तरी कुलूप बदलाच, कारण तिची नक्कल कुणी केली नाही हे सांगता येत नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट राहून गेली आहे आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तीच. खोली उघडी होती, पण कपाट? ते बंद होते का? रजेवर जाताना कपाटाची चावी कुणाला दिली, आणि दिल्याची सही घेतली का? कपाट बंद होते आणि चावी रीतसर दुसऱ्याच्या ताब्यात होती, तर तुमची बाजू भक्कम आहे. रजेच्या काळातली जबाबदारी त्या माणसाकडे आणि खोली उघडू देणाऱ्याकडे जाते. चावी टेबलाच्या खणात ठेवून गेला असाल, तर तेही जसे आहे तसे सांगावे लागेल. अशी चूक वाईटच, पण ती चूक म्हणूनच राहते.

खोटी नोंद मात्र चुकीत बसत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४४ प्रमाणे नोकराने मालकाच्या दप्तरात फसवणुकीच्या हेतूने खोटी नोंद केली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. इथे फसवणूक ग्राहकाची होते आणि मालकानेच सांगितले म्हणून ती माफ होत नाही. म्हणजे तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या निष्काळजीपणावर पांघरूण घालायला तुम्ही सात वर्षांचा गुन्हा अंगावर घ्याल. शिवाय नष्ट केल्याच्या नोंदीला सहसा साक्षीदाराची सही लागते. तेव्हा शेठ आणखी एका सहकाऱ्याला त्यात ओढणार. आणि मला सर्वांत जास्त टोचते ते हे की, ‘नष्ट केली’ असे लिहिल्या क्षणी त्या प्रतीचा शोध थांबतो. ती कुठे भलत्याच हातात असेल, तर ज्यांनी सावध व्हायला हवे त्यांना कळणारच नाही. त्या भागावर सीमेवरच्या कुणाचा तरी जीव अवलंबून असतो. उद्या ती प्रत सापडलीच, तर नष्ट केल्याची सही तुमची असेल आणि शेठचे तोंडी सांगणे कुठेच नसेल.

आता फोटो. कायद्यात ‘आराखडा’ या शब्दात छायाचित्रही येते. अधिकार नसताना ते जवळ ठेवणे हा कलम ५ मधला आणखी एक गुन्हा आहे. पुरावा जपावा या भावनेने तुम्ही ते काढलेत, हे मला समजते, आणि नोकरीतल्या माणसाला दुसरे काय सुचणार? पण तुमच्या बचावाला ड्रॉइंगच्या फोटोची काहीच गरज नाही. घाबरून ते डिलीटही करू नका. नंतर पुरावा नष्ट केल्याचा आरोप त्यातून निघू शकतो. फोटोंचा क्लाउडवर बॅकअप सुरू असेल तर तो थांबवा, आधीच गेला असेल तर तसे लिहून ठेवा. फोन स्वतःजवळ ठेवा, विकू किंवा बदलू नका, आणि खाली सांगतो त्या पत्रात ‘असे फोटो माझ्या फोनमध्ये आहेत, त्यांचे काय करायचे ते लेखी सांगावे’ हे स्वतःहून नमूद करा. मात्र हे वाक्य लिहिण्याआधी तुमच्या गावातल्या फौजदारी वकिलाला प्रत्यक्ष भेटा, उद्यावर टाकू नका.

पत्र दोन ठिकाणी जाईल. पहिले शेठना. त्यात ड्रॉइंगचा क्रमांक, प्रतीचा क्रमांक, ती शेवटची कधी मोजली, तुमची रजा कोणत्या तारखांची, परत आल्यावर कमी कधी आढळली, आणि ‘प्रत नष्ट केल्याचे मला माहीत नसल्याने तशी नोंद मी करू शकत नाही’ हे वाक्य. ड्रॉइंगमध्ये काय आहे त्याचे वर्णन एका ओळीतही नको. पोच घ्या. शेठनी पोच नाकारली तर नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा. व्हॉट्सअॅपवर यातले काहीही नको. एक-दोन दिवसांत त्यांनी ग्राहकाला कळवले नाही, तर दुसरे पत्र तुम्ही स्वतः ग्राहकाच्या सुरक्षा अधिकाऱ्याला द्या. ज्यांचा कागद, त्यांनाच तो हरवल्याचे सांगण्यात गोपनीयतेचा भंग नाही. कंपनीशी केलेला गोपनीयतेचा करार त्याच्या आड येऊ शकत नाही. वर्तमानपत्र, ओळखीचा पुढारी, समाजमाध्यमे यांच्याकडे मात्र चुकूनही जाऊ नका.

दरम्यान शोध सुरू ठेवा. ड्रॉइंगची प्रत पुष्कळदा दुसऱ्या ड्रॉइंगच्या गुंडाळीत गेलेली असते, नाहीतर मशीनवर कुणीतरी नेऊन तिथेच राहिलेली असते. स्लॅबचे काम करणाऱ्यांनाही शांतपणे विचारा. सामान झाकायला कागद वापरला गेला असेल. त्यांच्या घरी जाऊन झडती घेऊ नका, दमही देऊ नका. सरकारी कागद सापडला तर तो देणाऱ्याकडे किंवा पोलिसांकडे पोचवणे त्यांच्याही हिताचे आहे, एवढे समजावून सांगा.

अडकाल का? चौकशी होईल, तुमचा जबाब घेतला जाईल, हे धरून चाला. पण खटल्याची पायरी वेगळी आहे. कलम १३ प्रमाणे या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल कोर्ट तेव्हाच घेते, जेव्हा सरकारच्या आदेशाने किंवा सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडून तक्रार येते. शेठनी रागाने पोलिसांत जाऊन तुमच्यावर खटला उभा राहत नाही. आणि कलम १५ प्रमाणे कंपनीच्या गुन्ह्यात कारभार पाहणारा माणूसही दोषी धरला जातो. गुन्हा आपल्या नकळत झाला किंवा तो टाळायला आपण पुरेशी दक्षता घेतली होती, हे त्याला सिद्ध करावे लागते. हे कलम शेठना वाचून दाखवा. प्रत हरवली हे आधी कळवणे हाच त्यांच्याही बचावाचा मार्ग आहे. तुम्ही विरोधात नाही, हे त्यांना त्यातून पटेल अशी मला आशा आहे.

राजीनाम्याचे म्हणाल तर आत्ता नको. कलम ५ मध्ये ‘नोकरीत आहे किंवा होता’ असे शब्द आहेत, त्यामुळे सोडून गेल्याने जबाबदारी सुटत नाही, आणि तपासणीच्या तोंडावर गेलात तर पळ काढल्यासारखे दिसेल. खोटी नोंद न केल्याबद्दल काढून टाकलेच, तर त्याला आव्हान देता येते, आणि तेव्हा शेठना दिलेल्या पत्राची पोच कामाला येईल. पुढे कधी नोकरी सोडायची ठरवलीत, तर दोन माणसांसमोर प्रत्येक प्रत मोजून द्या, कमी असलेली प्रत यादीत ‘कमी’ म्हणूनच लिहा, यादीवर चार्ज घेणाऱ्याची सही घ्या आणि मगच चावी हातातून सोडा. त्या यादीची नक्कल जवळ ठेवायची तर तीही ग्राहकाच्या सुरक्षा अधिकाऱ्याची लेखी परवानगी घेऊनच.