वाचकांचे प्रश्न : किनाऱ्यावरचे लोकप्रतिनिधी आणि मराठवाडा

कोकण किनारपट्टीवरील रोजगार आणि सार्वजनिक सेवा टिकाव्यात यासाठी तेथील लोकप्रतिनिधींनी केलेल्या प्रयत्नांवर गेल्या अंकात लेख प्रसिद्ध झाला होता. त्याविषयी मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे वगळली असून केवळ गावांचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : कोकण रेल्वे मधू दंडवते यांच्यामुळे आली, असे आपल्या लेखात म्हटले आहे. एका खासदाराला रेल्वे आणता येत असेल, तर आमच्या अहिल्यानगर–बीड–परळी मार्गाला तीस वर्षे का लागावीत? आमचे खासदार कमी पडले असे समजावे काय? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : कोकण रेल्वे एका माणसाने आणली, असे म्हणणे अपुरे ठरेल; पण दंडवते यांना बाजूला ठेवून तिची हकीकत सांगताच येत नाही, हेही तितकेच खरे आहे. या मागणीची संसदेतील बाजू प्रथम बॅरिस्टर नाथ पै यांनी लावून धरली. ते मूळचे वेंगुर्ल्याचे होते आणि १९५७ पासून राजापूर मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करत होते. जानेवारी १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्या जागी दंडवते निवडून आले आणि ती धरून सलग पाच निवडणुका त्यांनी तेथून जिंकल्या. दंडवते यांचा जन्म अहमदनगरचा, म्हणजे बीडला लागून असलेल्या जिल्ह्यातला, आणि व्यवसायाने ते मुंबईत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. किनाऱ्यावर न जन्मलेल्या माणसाने किनाऱ्याचा प्रश्न वीस वर्षे आपला मानला, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण 'आपल्या मातीतला उमेदवार' या एकाच कसोटीवर मत देण्याची आपल्याकडची सवय मला फार हानिकारक वाटते.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र पुढे आहे. १९७७ ते १९७९ या काळात दंडवते स्वतः रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्याच कारकिर्दीत, आणि तिचा लाभ मनमाडहून नांदेडला रात्रीचा प्रवास करणाऱ्या आपल्यालाही झाला. तरीही रेल्वेमंत्रिपद हाती असताना त्यांना कोकणात रेल्वे पूर्ण करता आली नाही. दरवर्षीच्या अर्थसंकल्पातून थोडीथोडी तरतूद मिळवत, सह्याद्रीच्या कुशीतून आणि नदीनाल्यांवरून जाणारा असा मार्ग बांधायचा, तर त्याला पिढ्या लागल्या असत्या. अडचण इच्छेची नव्हती, पैसा कोणत्या वाटेने येणार याची होती.

ती वाट १९९० मध्ये सापडली. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या मंत्रिमंडळात दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते. नेहमीच्या तरतुदीवर विसंबून न राहता त्यांनी स्वतंत्र महामंडळाचा मार्ग निवडला. भागभांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के ठरला आणि उरलेला मोठा खर्च रोख्यांतून उभा करण्याचे ठरले. १९ जुलै १९९० रोजी महामंडळ स्थापन झाले, रेल्वे अभियंते ई. श्रीधरन यांच्याकडे त्याची धुरा आली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा संपूर्ण मार्ग खुला झाला. मधल्या काळात, १९९१ च्या निवडणुकीत, दंडवते राजापुरातून पराभूत झाले होते. काम तरीही थांबले नाही, कारण ते एका खासदाराच्या शब्दावर उभे नव्हते, तर पाच सरकारांनी सही करून बांधून घेतलेल्या संस्थेवर उभे होते. लोकप्रतिनिधीच्या कामाचे मोल ठरवताना मी सर्वांत जास्त वजन याच गोष्टीला देतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. कर्जावर उभ्या राहिलेल्या महामंडळाला पुढे दुहेरीकरणासारख्या मोठ्या कामांसाठी भांडवल उभे करणे जड गेले, आणि अखेर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्याच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणास संमती दिली. ज्यांच्या जमिनी मार्गात गेल्या त्या कुटुंबांतील तरुणांच्या नोकरीचा प्रश्नही बरीच वर्षे धुमसत राहिला. रेल्वे आली म्हणजे रोजगार आपोआप आला, असे किनाऱ्यावरही घडलेले नाही.

आता बीडकडे वळू. २६१ किलोमीटरच्या आपल्या मार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली. निम्मा खर्च उचलण्याची जबाबदारी राज्याने नंतर स्वीकारली. आणि बीडहून अहिल्यानगरला पहिली प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. परळीपर्यंतचा टप्पा तेव्हाही बाकी होता. केवळ खासदार कमी पडले असा निष्कर्ष मी काढणार नाही, कारण मंजुरी आणि पैसा यांच्यात जी दरी कोकणात १९९० पर्यंत होती, तीच येथे अनेक वर्षे राहिली. परंतु मागणीची निवेदने आणि मंजुरीचे सत्कार यांत जेवढी शक्ती गेली, तेवढी दर वर्षाची प्रत्यक्ष तरतूद आणि तालुकानिहाय भूसंपादन यांचा जाहीर हिशेब मागण्यात गेली असती, तर चित्र वेगळे दिसले असते, असे माझे मत आहे. परळीच्या टप्प्याबाबत आपण आपल्या खासदारांना हाच हिशेब विचारावा.

प्रश्न : माझी मुलगी काही वर्षांपासून रत्नागिरी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिचे सासर, माहेर, सारे हिंगोलीत. आंतरजिल्हा बदलीसाठी ती पात्र असतानाही तिला कार्यमुक्त करू नये, असे तेथील पुढारी म्हणतात. किनाऱ्यावरच्या सेवा टिकवणे म्हणजे आमच्या मुलींना अडकवून ठेवणे काय? (एक आई, औंढा नागनाथ)

उत्तर : ताई, आपल्या पत्रातील वेदना खरी आहे आणि ती एकट्या आपल्या घरची नाही. मराठवाड्यातील हजारो डी.एड. झालेल्या मुलामुलींना आपल्या जिल्ह्यात जागा नव्हत्या आणि कोकणातील जिल्ह्यांत त्या होत्या, म्हणून ती मुले तिकडे गेली. खाडीपलीकडच्या वाडीवर, पावसाळ्यात वाट बंद होणाऱ्या गावात, भाड्याच्या खोलीत राहून त्यांनी शाळा चालवल्या. त्यांच्याकडे 'बाहेरचे' म्हणून पाहणे हा अन्याय आहे, मग तसे बोलणारा कोणत्याही पक्षाचा असो.

तथापि, ज्या गावातून आपली मुलगी निघेल त्या गावच्या आईची बाजूही ऐकून घ्या. कोकणात वस्त्या विखुरलेल्या असतात. शाळेचा पट पंधरा-वीस आणि शिक्षक एक किंवा दोन, अशी स्थिती सर्रास आढळते. त्यातले एकदम गेले आणि बदली शिक्षक आला नाही, तर शाळेला कुलूप लागते. मग मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंबे मुंबईची वाट धरतात आणि बंद घरांच्या वाड्यांत आणखी एका बंद घराची भर पडते. रिक्त पदांचे प्रमाण ठराविक मर्यादेपलीकडे असलेल्या जिल्ह्यांनी शिक्षकांना सोडण्यास हात आखडता घेतला, त्यामागे ही भीती आहे. २०२३ मध्ये शासनाने निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपये मानधनावर तात्पुरते नेमण्याची मुभा दिली, ती अशाच रिकाम्या वर्गांसाठी. तो उपाय वर्ग उघडा ठेवण्यापुरताच आहे.

या दोन आयांना परस्परांसमोर उभे करणारा लोकप्रतिनिधी माझ्या मते आपले काम टाळतो आहे. शिक्षक अडवून ठेवा ही मागणी सोपी आहे, कारण तिला पैसा लागत नाही. कठीण काम आहे ते पवित्र पोर्टलवरील, म्हणजे शासनाच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरील, पुढच्या भरतीत जिल्ह्याच्या रिक्त जागांची मागणी वेळेवर आणि पूर्ण नोंदवून घेण्याचे, बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या आरक्षण प्रवर्गाची याची यादी) तपासून घेण्याचे, दुर्गम शाळांजवळ शिक्षकांच्या निवासाची सोय करण्याचे. सिंधुदुर्गातील डी.एड. बेरोजगारांनी स्थानिकांना प्राधान्य द्या अशी मागणी करत आंदोलने केली. ती मागणी भरतीच्या नियमांत कशी आणि किती बसवायची हे विधिमंडळात ठरवावे लागेल. बदली मागणाऱ्या शिक्षिकेच्या रजेवर आणि कार्यमुक्तीच्या आदेशावर ते ठरणार नाही. आपण आपल्या आमदारांकडे जाल तेव्हा केवळ मुलीच्या बदलीची शिफारस मागू नका. हिंगोली जिल्हा परिषदेत तिच्या प्रवर्गाच्या आणि माध्यमाच्या किती जागा रिक्त दाखवल्या आहेत, हे लेखी विचारा. बदलीचे दार बहुतेक वेळा इकडच्या बाजूने बंद असते आणि दोष तिकडच्यांना दिला जातो.

प्रश्न : किनाऱ्यावरील आमदारांप्रमाणे आमच्याही आमदारांनी आपल्या निधीतून बेरोजगार तरुणांना व्यवसायाचे साहित्य का देऊ नये? (एक वाचक, उदगीर)

उत्तर : आमदार स्थानिक विकास निधी सध्या वर्षाला ५ कोटी रुपये आहे आणि तो मुख्यतः कायम टिकणाऱ्या सार्वजनिक कामांसाठी असतो, व्यक्तीच्या मालकीची वस्तू घेऊन देण्यासाठी तो नाही. किनाऱ्यावर या प्रकारच्या निधीतून जाळी विणण्याची शेड किंवा मासळी सुकवण्याचे ओटे होऊ शकतात, कारण ते साऱ्या वाडीच्या उपयोगाचे असतात. धूपप्रतिबंधक बंधारा किंवा जेटी मात्र या रकमेच्या आवाक्यातली कामे नव्हेत; त्यांसाठी जिल्हा नियोजन समिती, मेरीटाइम बोर्ड किंवा केंद्राच्या योजनांकडे जावे लागते. उदगीरला तरुणांसाठी सामायिक कार्यशाळेची इमारत मागता येईल. वैयक्तिक साहित्यासाठी महामंडळांच्या कर्जयोजना हाच रस्ता आहे.

प्रश्न : आम्ही नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, मासेमारी करणारे लोक. समुद्रातील मच्छीमारांना डिझेलवर परतावा मिळतो, त्यांच्यासाठी आमदार भांडतात. मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा मिळाला, तो फक्त त्यांच्यासाठी की आमच्यासाठीही? (एक युवक, पैठण)

उत्तर : तो आपल्यासाठीही आहे. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये घेतलेल्या या निर्णयाचा हेतू मच्छीमार आणि मत्स्यसंवर्धक यांना वीज, कर्ज आणि विमा शेतीच्या दराने मिळावा हा आहे, आणि त्यात सागरी व गोड्या पाण्यातील असा भेद केलेला नाही. किसान क्रेडिट कार्डही २०१८-१९ पासून मत्स्यव्यवसायाला लागू आहे. केंद्राच्या अपघात विमा योजनेत नोंदणी झालेल्या मच्छीमाराच्या मृत्यूनंतर कुटुंबाला ५ लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. अट एकच, आपले नाव संस्थेच्या आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या नोंदीत असले पाहिजे. थर्मोकोलच्या तराफ्यावरून जाळे टाकणारा, संस्थेचा सभासद नसलेला माणूस या सगळ्यांतून वगळला जातो, आणि धरणावर सर्वाधिक धोका त्यालाच असतो.

डिझेल परताव्याबाबत थोडे सविस्तर सांगतो, कारण त्यातून आपल्याला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट शिकता येते. यांत्रिक नौकेच्या डिझेलवर भरलेला मूल्यवर्धित कर राज्य शासन मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत परत करते. योजना कागदावर उत्तम आहे. पण अर्थसंकल्पात धरलेली रक्कम वर्षाच्या मध्येच संपते, परतावा थकतो, आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत, जेव्हा नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि घरात पैसा हवा असतो, तेव्हाच हातात काही नसते. किनाऱ्यावरील आमदार, सत्तेतले आणि विरोधातले, हा विषय अधिवेशनात वारंवार काढतात आणि पुरवणी मागण्यांत (वर्षाच्या मध्ये मंजूर होणाऱ्या जादा खर्चात) तरतूद करवून घेतात. पुरवणी मागणीत एक ओळ वाढवून घेणे हे काम व्यासपीठावर दिसत नाही, त्याचा फलक लागत नाही. पण हर्णै किंवा साखरी नाट्याच्या मच्छीमाराच्या खात्यात पैसे पडतात ते त्याच ओळीमुळे. आपल्याकडे ठिबकचे अनुदान थकते तेव्हाही उपाय तोच असतो.

नाथसागरावर डिझेलचा प्रश्न लहान आहे. आपले प्रश्न ठेका, बोटुकली (जलाशयात सोडायची माशांची पिल्ले) आणि पाणी यांचे आहेत. जलाशयाचा ठेका नावाला संस्थेकडे आणि प्रत्यक्षात व्यापाऱ्याकडे असेल, तर कटला-रोहूचा भाव तोच ठरवतो आणि जाळे टाकणारा मजूर होतो. ठेक्याच्या अटीप्रमाणे बोटुकली खरोखर सोडली गेली का, याची नोंद मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे मागता येते. त्यात आता तरंगत्या सौर प्रकल्पाची भर पडली आहे. त्याविरुद्धची कहार समाजाच्या संघटनेची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये फेटाळली. न्यायालयाचा मार्ग बंद झाल्यावर लोकप्रतिनिधीचे काम संपत नाही, उलट तेथूनच सुरू होते. कोणता पाण्याचा भाग मासेमारीसाठी खुला राहील, जाळी घेऊन जाण्याची वाट कोठून असेल, उत्पन्न घटल्यास भरपाई कोणाला आणि कोणत्या नोंदीवरून मिळेल, प्रकल्पातील देखभालीच्या कामावर काठावरच्या गावांतील किती जणांना घेतले जाईल, हे सारे काम सुरू होण्यापूर्वी लेखी ठरून घ्यायला हवे. कोकणातील प्रकल्पग्रस्तांना रेल्वे धावू लागल्यानंतर नोकऱ्यांसाठी भांडावे लागले. आपल्या संस्थेने सभासदांची यादी, प्रत्येकाची नोंदणी आणि गेल्या काही हंगामांतील मासळीची विक्री एवढी कागदपत्रे आधी पूर्ण करावीत आणि ती घेऊन आमदार, खासदार व जिल्हाधिकारी यांची एकत्र बैठक मागावी. बैठकीचे इतिवृत्त मिळेपर्यंत तेथून उठू नये.