६ लाखांची एफडी मोडून गाडी घ्यावी, की एफडी तशीच ठेवून कर्ज काढावं?

एफडी मोडू नका आणि शोरूममधून कर्जही घेऊ नका. तिसरा रस्ता आहे, तो पुढे सांगते. पण आधी तुम्ही प्रश्नात जी चिठ्ठी उतरवून दिली आहे तिच्याबद्दल बोलायचं आहे. तसलीच चिठ्ठी २०२३ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या घरात आली होती आणि तिच्यावरून जे बोलणं झालं ते मी विसरलेले नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. जळगाव एमआयडीसीत नोकरी, पगार ४८ हजार, घरी यावलला केळी. गाडी ऑन-रोड ८ लाखांची, २ लाख हातात आणि ६ लाखांची एफडी. शोरूमवाला म्हणतो, ६ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घ्या, व्याज जाईल १ लाख ४७ हजार. एफडी ७ टक्क्यांनी तेवढीच वर्षं राहिली तर व्याज येईल २ लाख ४९ हजार. म्हणजे लाखभर रुपये वर. त्यातून तुम्ही विचारता, एफडीऐवजी हेच पैसे म्युच्युअल फंडात टाकले तर आणखी सुटतील का, आणि कोणता फंड घ्यावा.

दोन्ही आकडे बरोबर आहेत, मी करून पाहिले. ते एकमेकांतून वजा करणं चूक आहे.

या कर्जाचा हप्ता १२,४५५ रुपये बसतो. तो पगारातून जाणार, आणि चिठ्ठीत त्याचा कुठे उल्लेखच नाही. एफडी मोडून गाडी घेतलीत तर हे १२,४५५ रुपये दर महिन्याला तुमच्या हातात राहतात. तेच ७ टक्क्यांच्या आरडीत टाकत गेलात तर ५ वर्षांनी जवळपास ८ लाख ९० हजार होतात. न मोडलेली एफडी तेवढ्याच काळात ८ लाख ४९ हजारांवर जाते. चाळीसेक हजारांनी कमीच. ९ टक्क्यांनी घेऊन ७ टक्क्यांनी ठेवल्यावर दुसरं काय होणार? एफडीचं व्याज वाढत्या रकमेवर चढतं, कर्जाचं उतरत्या रकमेवर लागतं, म्हणून व्याजाचा आकडा एफडीचा मोठा दिसतो. तेवढं दाखवून माणसाला सही करायला लावतात. शोरूमला त्या कर्जामागे कमिशन असतं, हेही ध्यानात ठेवा.

आता आमच्याकडचं. मी अमळनेर तालुक्यात कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेब बघते. मिस्टरांचं कृषी सेवा केंद्र आहे, बियाणं-खतं-औषधं. आखाजीला सगळं घर जमलेलं, खापरावरचे मांडे आणि आमरस झालेला, आणि माझे धाकटे दीर ती चिठ्ठी घेऊन आले. ते माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. त्यांनी स्वतःसाठी गाडी ठरवली होती आणि आम्हीही त्याच शोरूममधून, त्याच योजनेत घ्यावी असा त्यांचा आग्रह होता. बंगईवर बसलेल्या आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, त्यांनी ते लाखभर रुपये समजावून सांगितले. आप्पांना पटलं. मिस्टरांनाही पटत आलं होतं. मी विचारलं, ‘भाऊजी, हप्ता यात कुठे धरलाय?’ तर म्हणाले, ‘वहिनी, हाई बँकनं गणित शे, कापूसनं वजन नई.’

सगळे हसले. मी आत गेले, पर्समधून एक रद्द झालेली काटापट्टी, म्हणजे वजनकाट्याची पावती, काढली आणि तिच्या पाठीमागे पेन्सिलने मांडणी केली. डावीकडे ‘एफडी ठेवली, हप्ता भरला’, उजवीकडे ‘एफडी मोडली, हप्ता साठवला’. दोन्हीकडे ५ वर्षांनी हातात किती, एवढंच. बाहेर येऊन आप्पांच्या हातात दिली. त्यांना म्हटलं, आपल्या काट्यावर भरलेली ट्रॉली मोजतात, कापूस खाली केला की रिकामी मोजतात आणि मग वजाबाकी करतात. या चिठ्ठीत रिकामी ट्रॉली मोजलेलीच नाही. आप्पा शिकलेले फार नाहीत, पण आयुष्यभर कापूस विकलाय. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून कोपरीच्या खिशात ठेवला आणि मिस्टरांना म्हणाले, ती सांगते तसं कर.

भाऊजींना ते लागलं. लागायला नको होतं. बाई हिशेब करते तो किराण्याचा आणि बँकेचा मात्र पुरुषांनी करायचा, हे आमच्याकडे शिकल्या-सवरल्या घरांतही चालतं आणि मला ते मान्य नाही.

आम्ही एफडीवर ओव्हरड्राफ्ट काढला. तुम्हालाही हाच रस्ता सांगते. एफडी जागेवर राहते, तिचं व्याज चालू राहतं. बँक साधारण ९० टक्क्यांपर्यंत उचल देते आणि दर बहुतेक ठिकाणी एफडीच्या दराहून एखादा टक्का वर असतो. व्याज फक्त उचललेल्या रकमेवर आणि तेवढ्याच दिवसांचं. ठरलेला हप्ता नाही, आले तसे पैसे भरायचे. गाडीच्या आरसी बुकावर बँकेचा बोजा चढत नाही, त्यामुळे नंतर बोजा उतरवायला एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत खेपा नाहीत.

आमच्यासारख्या दुकानदाराला हे किती सोयीचं, ते त्याच वर्षी दिसलं. आदल्या हंगामात कापूस क्विंटलला १० हजारांच्या वर गेला होता, म्हणून २०२३ मध्ये लोकांनी भाव येईल या आशेवर माल घरातच भरून ठेवला. भाव आला नाही. कापूस विकला नाही म्हणून दुकानाची उधारी आली नाही. मे-जूनला, नेमकं बियाणं भरायच्या वेळेला, गल्ल्यात काही नव्हतं. तेव्हा डोक्यावर महिन्याचा हप्ता असता तर तो चुकलाच असता, वर दंड आणि सिबिललाही फटका. ओव्हरड्राफ्टला आम्ही ते दोन-तीन महिने फक्त व्याजापुरतं भरलं आणि कपाशीचे पैसे फिरल्यावर मोठी रक्कम टाकली. आता ते खातं शून्यावर आहे आणि एफडी पूर्ण आमची आहे.

भाऊजींनी त्याच आठवड्यात ७ वर्षांचं कर्ज घेतलं. ‘एफडी कमावते आहे’ असं वर्षभर सांगत होते. मग विहिरीला पाणी नाही म्हणून बोअर केली, मागोमाग त्यांच्या मुलीचं, म्हणजे माझ्या पुतणीचं, कॉलेजचं ॲडमिशन आलं आणि एफडी मोडली. हप्ता मात्र चालू आहे. त्यांचा खर्च गैर नव्हता, पुतणीच्या शिक्षणाला कुणीही तेच केलं असतं. पण त्या चिठ्ठीतला लाखभराचा नफा ५ वर्षं एफडीला हात न लावण्यावर उभा होता, आणि आपल्या घरांत एफडी असते तीच मुळी अडीनडीला मोडायला.

तुमचा हिशेब. ६ लाखांवर उचल मिळेल ५ लाख ४० हजार, वरचे ६० हजार जमवा किंवा थोडी खालची गाडी बघा. ८ टक्के धरून तुम्ही तेच १२,४५५ महिन्याला भरत गेलात तर साधारण सव्वाचार वर्षांत फिटतं. पगारातूनच भरा. केळीच्या पैशावर हप्ता बांधू नका. रावेर-यावल पट्ट्यात मे-जूनमधलं एक वादळ बाग आडवी करतं, सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला तर रोपं उपटावी लागतात, आणि कटाईच्या दिवशी केळीचा बोर्डाचा (जाहीर होणारा) भाव काय निघेल ते कुणाच्या हातात नाही. केळीचे पैसे आले की ओव्हरड्राफ्टमध्ये एकदम टाका, व्याज त्या दिवसापासून कमी होतं. ही सोय गाडीच्या कर्जात नाही. गाडीची कर्जं बहुतेक स्थिर दराची असतात आणि लवकर फेडायला गेलं की बऱ्याच ठिकाणी आकार लावतात.

कोणता फंड, हे मी सांगणार नाही. गाडीचे पैसे आणि फंडाचे पैसे वेगळे ठेवा एवढंच म्हणेन. आता कुणी म्हणेल, फंडाने १२ टक्के दिले तर? दिले तर कर्ज काढणारा जिंकतो, हे मान्य करते. ६ लाख एकरकमी ५ वर्षांत साडेदहा लाखांच्या वर जातात आणि हप्त्याएवढी एसआयपी (दरमहा फंडात टाकलेली रक्कम) दहा लाखांच्या आसपास राहते. फरक पन्नास-साठ हजारांचा. पण तेवढ्यासाठी दरवर्षी १२ मिळतीलच असं धरावं लागतं. मार्च २०२० मध्ये निफ्टी जानेवारीच्या उंचीवरून दोन महिन्यांत ३५ टक्क्यांहून जास्त पडला होता. तशा महिन्यात हप्ताही चालू आणि फंडही खाली, असं सोसायची तयारी असेल तर तुमचं तुम्ही ठरवा. एसआयपी करायचीच असेल तर गाडी फिटल्यावर हेच १२ हजार वळवा.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. ओव्हरड्राफ्टला शिस्त लागते. भरलेले पैसे परत काढता येतात आणि लग्नसराईत हात जातोच. ज्याला तसं होईल असं वाटतं त्याने सरळ हप्त्याचं कर्ज घ्यावं, एखादा टक्का जास्त गेला तरी चालेल. ६ लाख एकाच बँकेत असतील तर ठेवविम्याचं संरक्षण ५ लाखांपर्यंतच आहे, मुद्दल आणि व्याज मिळून. आणि ते पैसे पतसंस्थेत असतील तर तो विमा नाहीच. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांत ठेवी अडकलेली घरं गल्लोगल्ली आहेत, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

विचार बदलून जुनी गाडी बघाल तर ‘फ्लॅट ८ टक्के’, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर व्याज, ऐकून स्वस्त समजू नका. ६ लाखांवर ५ वर्षं फ्लॅट ८ म्हणजे व्याज २ लाख ४० हजार, हप्ता १४ हजार, आणि उतरत्या शिलकेवर तो दर १४ टक्क्यांच्या थोडा वरच पडतो. कुठलंही कर्ज घ्या, सहीआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ हा कर्जाच्या मुख्य अटींचा कागद मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते देणं बंधनकारक आहे आणि त्यात सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर छापलेला असतो.

भाऊजींनाही मी परवा सांगितलं, बँकेतून फोरक्लोजरचं, म्हणजे मुदतीआधी कर्ज फेडण्याचं, पत्र आणा, उरलेली मुद्दल आणि आकार दोन्ही त्यात लिहून घ्या, आपण बसून पाहू. तुम्ही तुमच्या बँकेचा एफडीचा दर आणि ओव्हरड्राफ्टचा दर विचारून इथे खाली टाका. दर बदलत असतात, माझे आकडे जसेच्या तसे धरू नका. मी नव्याने मांडून देते.