चवथीला फुल्ल असलेलं विमान बंद कसं पडतं? वाचकांचे प्रश्न

चवथ जवळ आली की माझ्याकडे तेच तेच प्रश्न येतात, म्हणून यावेळी एकदाच उत्तरं देतो.

गोव्यातले दोन विमानतळ, मोपा आणि दाबोळी, दोन्हीपैकी तिकीट कुठलं ते कसं कळतं? (पर्वरी)

तिकिटावरचा विमानतळाचा कोड बघा. जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. टॅक्सी सांगायच्या आधी बघा, नंतर नको.

चिपीचं (सिंधुदुर्गचा विमानतळ) मुंबई विमान गणपतीत फुल्ल असायचं, तिकीट मिळायचं नाही. मग बंद का केलं? सगळे म्हणतात राजकारण. (सावंतवाडी)

राजकारण असेलही, पण आधी हिशोब बघा. गणपतीत येणारं विमान फुल्ल आणि परत जाणारं जवळपास रिकामं, हे कोणी सांगत नाही. रूट जगतो तो जुलैतल्या मंगळवारवर, म्हणजे गर्दी नसलेल्या साध्या दिवसावर. मी नोकरीत असताना एका छोट्या विमानतळावर असाच एक मंगळवार बघितलाय, सत्तर सीटचं एटीआर (पंख्याचं छोटं विमान) आणि बोर्डिंगला १९ माणसं, त्यातली दोन आमच्याच कंपनीची. अग्निशमनाची गाडी तरी उभी करावीच लागते, पायलट तेवढेच लागतात, विमानाचं भाडं डॉलरमध्ये जातं. ही तूट भरायला केंद्र सरकारची 'उडान' योजना पैसे देते, पण ठरावीक मुदतीपुरतेच, चिपीच्या वेळी ती तीन वर्षं होती. चिपीची सेवा ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाली, मुदत संपली आणि थांबली. हे फक्त कोकणाचं दुखणं नाही. कॅगच्या (सरकारी खर्च तपासणारी संस्था) २०२३ च्या अहवालात बघा, 'उडान'च्या रूटवाटपाच्या पहिल्या तीन टप्प्यांत दिलेल्या ७७४ रूटपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत, आणि मुदत संपल्यावरही चालू राहिले ते फक्त ५४.

आणि आता माझं नेहमीचं रडगाणं, उशीर! एकच विमान दिवसाला चार-पाच फेऱ्या मारतं. सकाळी पहिल्या ठिकाणी धुकं लागलं, चाळीस मिनिटं गेली, की तोच उशीर दिवसभर पुढे सरकत जातो आणि शेवटची फेरी रद्द होते. जिची दुसऱ्या दिवशी मुंबईत डॉक्टरची अपॉइंटमेंट होती ती बाई पुढच्या वेळी कोकणकन्या एक्स्प्रेसचंच तिकीट काढते, आणि मग परत येत नाही. त्यात बांदा, सावंतवाडी, दोडामार्गची माणसं मोपाला जातात कारण तिथे दिवसभरात चॉईस आहे. चिपीचं गिऱ्हाईक मोपानेच खाल्लंय, हे ऐकायला आवडत नाही लोकांना.

पंख्याचं विमान धोक्याचं असतं का? (म्हापसा)

नाही. नियम तेच, इंधन कमी. पावसाळ्यात जरा हलतं, एवढंच.

फ्लाइट कंपनीने रद्द केली, एजंट म्हणतो क्रेडिट शेलच (पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडे जमा राहणारी रक्कम) मिळेल, पैसे नाही. (मडगाव)

एजंटचं ऐकू नका. क्रेडिट घ्यायचं की पैसे हे प्रवाशाने ठरवायचं, डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा, नियमच तसा आहे. कंपनीला लेखी ईमेल टाका, फोनवर भांडत बसू नका. नाहीच झालं तर एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार, आणि रक्कम मोठी असेल तर ग्राहक आयोगात जायच्या आधी वकिलाला विचारा.

'विमानतळापासून दहा मिनिटं' असा प्लॉट पेडण्यात मिळतोय, घ्यावा का? (फोंडा)

दहा मिनिटं कुठल्या गाडीने? विमानतळ आहे म्हणून जमिनीचे कागद सरळ होत नाहीत. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या हक्काचा कागद) काढा आणि वकिलाला दाखवा, डीलरच्या वकिलाला नाही.

आम्ही हॉटेलवाले मिळून सीट्सची गॅरंटी दिली तर एक कंपनी विमान सुरू करते म्हणतेय. सही करावी का? (मालवण)

कल्पना वाईट नाही, पण घाई का? गॅरंटी फक्त सीझनची की जून ते सप्टेंबरचीही, फेरी रद्द झाली तर पैसे कोणाचे, आणि त्यांनी मध्येच विमान दुसऱ्या रूटवर नेलं तर काय, हे तीन मुद्दे कागदावर घ्या. तोंडी "बघू नंतर" असं असेल तर सही नको. आधी सीएकडे जा, कॉन्ट्रॅक्ट वकिलाकडून वाचून घ्या, आणि त्यांच्याकडे आत्ता किती विमानं उडतायत तेही विचारा. येणार असलेली नाही, उडणारी.