"अकरावीत गणित जमत नाही, सायन्स सोडू का?"

पहिली युनिट टेस्ट झाली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. दहावीला गणितात नव्वदच्या पुढे गेलेलं पोर अकरावीत आपटतं आणि घरात कॉमर्सच्या गोष्टी सुरू होतात.

ही मुलगी मुलुंडची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता घाटकोपरच्या कॉलेजात सायन्सला. खुर्चीत टेकायच्या आधीच आई म्हणाली, "मॅडम, हिची लाइनच चुकली बहुतेक." मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. आईंना मी चहा सांगून बाहेर बसवलं. (आई समोर असली की मुलं आईलाच उत्तरं देतात.)

"कुठे अडतं ते दाखव."

वही उघडली. सिग्माचं चिन्ह; त्याच्या खाली के = 3, डोक्यावर एन, पुढे कंसात 2के + 5. सरळ रूप द्यायचं होतं. हिचं उत्तर एन² + एन + 5, त्यावर लाल फुली. खोडरबरानं कागद इतका घासला होता की मागच्या पानावरचे आकडे दिसत होते.

"हे चिन्ह वाच." वाचेना. "सर समेशन म्हणाले की मला पुढचं ऐकूच येत नाही."

मी विचारलं, दहावीत मध्य काढताना वारंवारता सारणीच्या तळाशी काय लिहायचीस? थोडा वेळ गेला. "तेच हे?" तेच, बेरजेचं चिन्ह. तिथे रकान्यांची बेरीज डोळ्यांसमोर असायची. इथे रकाना मनातल्या मनात मांडायचा, एवढंच: के ला 3 पासून एनपर्यंत एकेक किंमत द्यायची आणि येणाऱ्या पदांची बेरीज करायची.

मग म्हटलं, एन = 3 धर. पदं किती? एकच, 11. तुझ्या उत्तरात 3 घाल. 9 अधिक 3 अधिक 5, सतरा. ती पेन खाली ठेवून हसली, "चुकलंच की!" दोन महिने लाल फुलीकडे बघून जे कळलं नव्हतं, ते तिनं स्वतः पकडलं.

बीजगणित तिचं चोख होतं. 2 बाहेर काढला होता, 1 ते एनची बेरीज एन(एन + 1)/2 हेही बरोबर. घोळ दोनच. बेरीज 3 पासून असताना हिनं 1 पासून धरली, म्हणजे 1 आणि 2 वजा करायचे राहिले. आणि 5 एकदाच घेतला. 5 ला के चिकटलेला नाही, म्हणून तो एकदाच येतो असं पुष्कळ मुलांना वाटतं. पण तो प्रत्येक पदात बसलाय.

"मग किती वेळा? एन वजा 3?"

तिचीच स्लो लोकल घेतली. घाटकोपर, विक्रोळी, कांजुरमार्ग, भांडुप, नाहूर, मुलुंड. घाटकोपर पहिलं आणि मुलुंड सहावं, कांजुरमार्ग तिसरं. कांजुर ते मुलुंड स्टेशनं किती? बोटांवर मोजली. चार. सहा वजा तीन तर तीनच होतात; चढलो ते स्टेशनही मोजायचं. म्हणजे एन वजा 2.

मग तिनं सगळं मांडलं: एन² + एन − 6 + 5एन − 10. म्हणजे एन² + 6एन − 16. मी न सांगता एन = 4 घालून पाहिलं, 24. इकडे 11 आणि 13, चोवीस. अवयवही पाडले: (एन − 2)(एन + 8). पहिला कंस पदांची संख्या, दुसरा पहिल्या आणि शेवटच्या पदाची सरासरी. पदं दर वेळी 2 नं वाढतात, म्हणजे दहावीची अंकगणिती श्रेढीच.

आईंना मी सायन्स ठेवा किंवा सोडा, काहीच सांगितलं नाही. एका चाचणीवर शाखा बदलणं मला पटत नाही, आणि एका उदाहरणावर भरवसा देणंही. सहामाहीपर्यंत थांबा, उत्तर लिहिलं की एनची लहान किंमत घालून बघायची सवय लागू दे, म्हटलं.

दोन आठवड्यांनी रात्री मेसेज आला: "मॅडम, त्यात एन = 2 घातलं तर शून्य येतं. 3 पासून 2 पर्यंत एकही पद नाही, म्हणून ना?"