दिवाळीच्या स्टेजवर कॉन्सुल कशाला?

ऑकलंडच्या माउंट रॉस्किलमधल्या एका ताईंचं पत्र आलंय. काळज्या चार आहेत, पण पहिलीवरून माझी गाडी पुढे सरकेना. त्या लिहितात, "आमच्या वस्तीतल्या दिवाळीला भारताच्या कॉन्सुल जनरलना बोलवायचं चाललंय. आमचे हे म्हणतात, सामोअन, फिलिपिनो, सोमाली शेजारी येणार, तिथे भारत सरकारचं भाषण कशाला? आपण आता इथले. कॉन्सुलेट पासपोर्टपुरतं ठीक आहे."

भाषणाबद्दल तुमच्या ह्यांचं बरोबर आहे. दोन मिनिटं द्या, आणि हार-शाल-श्रीफळ तर अजिबात नको. पण "पासपोर्टपुरतं"? ताई, हे मात्र मी ऐकून घेणार नाही.

माझी आत्या व्हिजिटर व्हिसावर आली होती आणि इथल्या हॉस्पिटलात गेली. वॉर्डातली सोशल वर्कर सामोअन होती. फार मायाळू बाई, पण आमच्याइतकीच गोंधळलेली. मृतदेह भारतात न्यायचा तर परवानगी कोण देतं? कागद कुठले लागतात? तेव्हा ऑकलंडला भारताचं पूर्ण कॉन्सुलेट नव्हतं, ते उघडलं सप्टेंबर २०२४ मध्ये. उच्चायोग, म्हणजे भारताचा इथला दूतावास, वेलिंग्टनला, इथून सुमारे साडेसहाशे किलोमीटरवर. तिथल्या ड्युटीवरच्या माणसानं फोनवर यादी सांगितली: मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचं (मृतदेह टिकवून ठेवण्याचं) सर्टिफिकेट, रद्द करून घेतलेला पासपोर्ट आणि उच्चायोगाचं ना-हरकत पत्र. माझा नवरा ऐकत होता, आणि लिहून घेत होती ती सोशल वर्कर. पुढे एका गुजराती कुटुंबावर त्याच वॉर्डात तशीच वेळ आली, तेव्हा तिनं त्यांना सगळं आधीच सांगून ठेवलं.

आता सांगा, त्या फोनचा उपयोग आम्हालाच झाला का? या शहरात दहांतली चार माणसं दुसऱ्या देशात जन्मलेली. नर्सनं, पोलिसानं कुठल्या कुठल्या देशाचे नियम पाठ करायचे? म्हणून तर कॉन्सुलेटांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना करारात ३७ वं कलम आहे. परदेशी नागरिक दगावला, किंवा परदेशी अल्पवयीन मुलाला पालक नेमायची वेळ आली, तर यजमान देशानं त्याच्या कॉन्सुलेटला विनाविलंब कळवायचं. ३६ वं कलम अटकेचं. कॉन्सुलेटला कळवून घेण्याचा तुला हक्क आहे, हे पकडलेल्या माणसाला सांगायचं. कुलभूषण जाधवांच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १७ जुलै २०१९ ला पाकिस्तानवर ठपका ठेवला तो याच कलमाच्या भंगाचा.

आणि १५ मार्च २०१९ विसरलात? क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ माणसं मारली गेली, किती वेगवेगळ्या देशांची! पाच भारतीय नागरिक गेल्याचं आपल्या उच्चायोगानंच जाहीर केलं. अशा वेळी गावाकडच्या घरापर्यंत निरोप पोचवायचा, नातलगांना इथे आणायचं, तर इथल्या सरकारलाही पलीकडे बोलायला कोणीतरी लागतं. त्या माणसाची आणि तुमच्या भागातल्या पोलिसांची, शाळेच्या मुख्याध्यापकांची ओळख दिवाळीच्या फराळावर झालेली काय वाईट?

आपल्या लोकांचं एक बघते मी. पासपोर्ट संपायला आला की कॉन्सुलेट आठवतं, रांग लांब असली की त्याला शिव्या, आणि ओपन हाउस ठेवलं की "शनिवारी मुलांचं क्रिकेट असतं." माझे दीर यातले अग्रगण्य. परवा तर तक्रारीचं पत्र लिहायला बसले होते, मीच पेन काढून घेतलं.

मात्र भलत्या अपेक्षा ठेवू नका. कॉन्सुल सहसा तुमचा दंड भरणार नाही, तुरुंगातून सोडवून आणणार नाही, नवरा-बायकोच्या भांडणात निवाडाही देणार नाही. शिवाय तुमच्या ह्यांनी इथलं नागरिकत्व घेतलंय ना? मग भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी अडचणीत त्यांचं सरकार न्यूझीलंडचं. पण डिसेंबरात येणाऱ्या सासूबाई भारतीय नागरिक आहेत. त्यांच्या पासपोर्टाची, व्हिसाची आणि विम्याची प्रत काढा आणि कॉन्सुलेटच्या तातडीच्या नंबरासकट फ्रिजवर लावा. हे काम ह्यांनाच सांगा.

बाकीच्या काळज्या. मुलगा इंग्रजीतच उत्तर देतो? देऊ दे, तुम्ही मराठीतच विचारत राहा. मंडळातल्या वहिनी बोलत नाहीत? त्याही बोलतील, गणपती येऊ देत. सासूबाई घरचं तूप आणायचं म्हणतात, त्यांना फोनवर आजच सांगा: खाण्याचं जे काही असेल ते विमानतळावरच्या फॉर्मवर लिहायचं. लपवलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड, आणि तो काही कॉन्सुल भरत नाही.