फायबरग्लासवरचा जुना बाँडिंगचा थर कसा काढायचा?

प्रश्न: १९६९ ची कॉर्व्हेट (फायबरग्लास बॉडीची अमेरिकन स्पोर्ट्स कार) रिस्टोअर करतोय. पुढचा फेंडर (चाकावरचा बॉडीचा भाग) सुटला, पण जोडपट्टीवर जुन्या अ‍ॅडहेसिव्हचा दगडासारखा थर बसलाय. केमिकलने विरघळेल का?

उत्तर: केमिकलच्या नादी लागूच नका प्लीज! तेव्हाचं अ‍ॅडहेसिव्ह पॉलिएस्टर रेझिनचंच असायचं आणि बॉडीपण त्याचीच, म्हणजे जे अ‍ॅडहेसिव्हला खाईल ते पॅनललाही खाणार. हीट गन कमी तापमानावर, सतत हलती ठेवून चालवा, थर जरा नरम पडला की पातळ स्क्रेपर अगदी आडवा धरून कडेपासून हळूहळू सरकवा, पहारीसारखा उचकटायला गेलात तर फायबरचा पापुद्राच सोबत निघून येतो. पृष्ठभागावर फोड दिसला की लगेच थांबा. उरलेलं ८० नंबरचा सँडपेपर सपाट ठोकळ्यावर गुंडाळून घासा, ग्राइंडर नको, तो क्षणात खड्डा पाडतो. घासताना फायबरचे धागे दिसायला लागले की बास, अगदी घट्ट बसलेला पातळ थर राहिला तरी चालतो. शेवटी धूळ व्हॅक्यूमने काढून अ‍ॅसिटोनने पुसा, त्याआधी हीट गन बंद करून लांब ठेवा, अ‍ॅसिटोन पटकन पेट घेतं. आणि मास्क, गॉगल, फुल बाह्या हव्यातच, ती धूळ फुफ्फुसात जायला नको.